पर्यावरणात एम.एस्सी. झालं, आता कोणती परीक्षा आणि कोणते विषय? (जळगाव, धुळे, नंदुरबारकरांनी जरूर लिहा)

बोरीकाठ · सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी अमळनेरची. बी.एस्सी. रसायनशास्त्रात केलं, मग जळगावला विद्यापीठात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. निकाल लागून वर्ष होत आलं. परवा मामांनी विचारलं, "पर्यावरणाची सरकारी नोकरी म्हणजे नेमकं कोणतं ऑफिस गं?" मला सांगता आलं नाही. ते फार लागलं मनाला.

मला दोन कामं मनापासून आवडतात. पाण्याचे, हवेचे आकडे घेऊन बसायचं आणि त्यातून काय म्हणता येतं, काय म्हणता येत नाही ते ठरवायचं, हे एक. आणि दुसरं, गावाचा-शहराचा आराखडा करताना नदी, नाले, झाडी, कचरा कुठे बसतात ते बघायचं. बाहेर याला एन्व्हायर्न्मेंटल ॲनालिस्ट आणि प्लॅनर म्हणतात. आयोगाच्या जाहिराती चाळल्या, पण पर्यावरण विश्लेषक किंवा पर्यावरण नियोजनकार असं पद काही दिसलं नाही.

अभ्यासिकेत माझ्या रांगेतले सगळे राज्यसेवा करतात. मीही त्यांच्यासोबत राज्यघटना उघडून बसते. पण माझ्या विषयाचा उपयोग होईल अशी परीक्षा आहे का, तिला विषय कोणते, आणि सुरुवात कुठून करायची, हे कुणी नीट सांगेल का?

केळीचा_घड · सोमवार, रात्री ११.०५

हाच प्रश्न मलाही आहे. बसतो इथेच.

जुनी_प्रयोगशाळा · मंगळवार, सकाळी ६.२०

ताई, मी एका सरकारी प्रयोगशाळेत उभा जन्म पाणी तपासण्यात घालवला, आता निवृत्त आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पदाच्या नावात 'पर्यावरण' शोधू नका. हे काम सरकारात आहे आणि भरपूर आहे, पण ते वेगवेगळ्या खात्यांत वेगवेगळ्या नावांनी विखुरलेलं आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळात क्षेत्र अधिकारी आणि कनिष्ठ वैज्ञानिक अधिकारी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत भूवैज्ञानिक आणि रसायनी. वनखात्यात वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक. नगररचना विभागात सहायक नगररचनाकार आणि रचना सहायक. तुम्ही म्हणता ते 'ॲनालिस्ट'चं काम पहिल्या दोघांकडे, 'प्लॅनर'चं काम शेवटच्याकडे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जाहिरात आली की पगार आणि जागा किती हे आपण आधी बघतो. तसं करू नका. 'शैक्षणिक अर्हता' हा परिच्छेद आधी वाचा, तोही पेन्सिल हातात घेऊन. विषय कोणते अभ्यासायचे हे परीक्षेनंतर ठरतं, आणि परीक्षा कोणती देता येईल हे तुमच्या पदवीवरच्या विषयाने ठरतं. तुमची बी.एस्सी. रसायनशास्त्रात आहे, ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. का, ते खाली कुणीतरी वनसेवेवाला सांगेलच.

प्रदूषण मंडळ १९७० पासून आहे आणि ते आपली भरती स्वतःच्या जाहिरातीने करतं, एमपीएससीमार्फत नाही. म्हणून आयोगाचं संकेतस्थळ बघून तुम्हाला ते सापडलं नाही. जळगावला त्यांचं उपप्रादेशिक कार्यालय आहे, नाशिकच्या प्रादेशिक कार्यालयाखाली. तिथल्या माणसाचा दिवस कसा जातो ते कळलं की अभ्यासाचे विषय आपोआप कळतात. कारखान्याला उभारणीची संमती, मग चालवण्याची संमती, लाल, नारिंगी, हिरवा अशा वर्गवाऱ्या, सांडपाण्याचे नमुने, बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन), पीएच, एकूण विरघळलेले क्षार. हे सगळं पुस्तकात आहे, पण हात लावून केलेलं असेल तर उत्तर वेगळं उतरतं. एक उदाहरण देतो. पाठ्यपुस्तकात बीओडी २० अंशांना ५ दिवस असं लिहिलेलं असतं. आपल्या भारतीय मानकात ती तपासणी २७ अंशांना ३ दिवस ठेवून होते. कारण आपलं हवामान. आणि भुसावळच्या मे महिन्यात बर्फपेटीशिवाय नमुना प्रयोगशाळेत आणलात, तर रस्त्यातच जिवाणूंनी निम्मं काम उरकलेलं असतं. मग तो आकडा नदीचा राहत नाही.

सूर्यकन्या · मंगळवार, सकाळी ९.१५

काकांनी छान सांगितलं. मी राज्यसेवा करते, तिसरा प्रयत्न. तेवढ्या बाजूचं लिहिते.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, यूपीएससीच्या धर्तीवर. एकूण नऊ पेपर. मराठी आणि इंग्रजी प्रत्येकी ३०० गुणांचे, ते फक्त पात्रतेपुरते. मग निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन, हे सात पेपर प्रत्येकी २५० गुणांचे. म्हणजे लेखीचे १७५०, मुलाखत २७५, बेरीज २०२५. वैकल्पिक विषय २६ आहेत. भूगोल आहे, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूशास्त्र, रसायनशास्त्र, कृषी, स्थापत्य सगळं आहे. पर्यावरणशास्त्र नाही. यूपीएससीतही नाही. हे आधी कळलं असतं तर माझ्या एका मैत्रिणीचं वर्ष वाचलं असतं.

पर्यावरण येतं ते पूर्व परीक्षेच्या सामान्य अध्ययनात आणि मुख्यच्या सामान्य अध्ययनाच्या तिसऱ्या पेपरात: जैवविविधता, प्रदूषण आणि ऱ्हास, पर्यावरणीय आघात मूल्यमापन, आपत्ती व्यवस्थापन. तिथे ताई, तुमचं एम.एस्सी. कामाला येईल.

कायद्यांच्या सनावळ्या पाठ करायला जाऊ नका, त्या एकमेकांना कशा जोडल्यात ते बघा. १९७२ ची पर्यावरणावरची स्टॉकहोम परिषद झाली, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ४८अ आणि ५१अ(छ) आले, १९८१ च्या हवा कायद्याच्या प्रस्तावनेत स्टॉकहोमचा उल्लेखच आहे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ झालं, त्यातून १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) कायदा. १९९२ ची रिओ परिषद, मग २००२ चा जैवविविधता कायदा. हरित लवाद २०१०. आणि एक खास महाराष्ट्राचा मुद्दा: आपला स्वतःचा जलप्रदूषण कायदा १९६९ चाच होता. त्यामुळे केंद्राचा १९७४ चा कायदा आपण १९८१ मध्ये स्वीकारला. पाणी राज्यसूचीत आहे हे त्या एका गोष्टीतून डोक्यात पक्कं बसतं.

पांझरेचा_पाट · मंगळवार, दुपारी १.३०

धुळ्याहून. स्थापत्य पदविका, रचना सहायकचा अभ्यास चालू आहे. नियोजनाच्या बाजूचं खरं सांगतो, राग मानू नका ताई. सहायक नगररचनाकाराला स्थापत्य, वास्तुशास्त्र, नगरनियोजन अशी पदवी लागते. रचना सहायकाला स्थापत्य, वास्तुशास्त्र किंवा बांधकाम तंत्रज्ञानाची तीन वर्षांची पदविका. पर्यावरणाच्या एम.एस्सी.वर तो दरवाजा थेट उघडत नाही. नियोजनातली पदव्युत्तर पदवी घ्यायचा विचार असेल तर पर्यावरण नियोजन ही त्यात वेगळी शाखा असते. कोणत्या पदवीला प्रवेश देतात ते त्या त्या संस्थेच्या अटींत बघा.

पण ज्यांना दरवाजा उघडा आहे त्यांच्यासाठी विषय लिहितो. गाभा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. विकास योजना कशी तयार होते, इरादा जाहीर करण्यापासून विद्यमान जमीन वापर नकाशा, प्रारूप, हरकती-सूचना, मंजुरी इथपर्यंत. कलम १२७ तर प्रत्येकाला यायलाच हवं: आरक्षण टाकलं आणि १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरही ठरल्या मुदतीत काही झालं नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. शहरातली बागेची, मैदानाची, नाल्याकाठची किती आरक्षणं अशी गेली ते आपापल्या गावचा डी.पी. (विकास योजना) उघडून बघा. माझ्या मते खरा पर्यावरणाचा प्रश्न तिथे आहे. त्याखेरीज डिसेंबर २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, आणि ७३ वी, ७४ वी घटनादुरुस्ती.

आता थोडं विषयाबाहेर, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे लोक नियोजन शिकायला पुण्या-दिल्लीला जातात आणि पांझरेवरची फड पद्धत बघत नाहीत. नदीवर बंधारा, त्यातून पाट, गावाच्या शिवाराचे फड पाडलेले, एका फडात एकच पीक, पाणी वाटायला पाटकरी आणि राखणीला जागल्या, निर्णय शेतकऱ्यांचा. सरकारी खातं जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून हे चालत आलं. आणि विश्वेश्वरय्यांनी १८८४ मध्ये नोकरी सुरू केली ती याच भागात. दातर्तीजवळ पांझरेखालून पाण्याचा वक्रनळ नेण्याचं काम त्यांचं. मुलाखतीत 'सहभागी नियोजन' विचारलं तर मी परदेशातलं उदाहरण देणार नाही.

जुनी_प्रयोगशाळा · मंगळवार, दुपारी ३.००

पांझरेचा_पाट, फडाचं वाचून बरं वाटलं. आमचे आजोबा साक्री तालुक्यातल्या फडावर होते.

नवती_बाग · मंगळवार, रात्री ९.५०

अर्हतेचा परिच्छेद वाचा असं काकांनी लिहिलं, त्यावर माझी गोष्ट सांगतो.

मी रावेर तालुक्यातला. बी.एस्सी.च पर्यावरणशास्त्रात केली, कारण त्या वर्षी कॉलेजात नवीन विषय म्हणून सांगितलं होतं आणि मला केळीच्या मातीचं काहीतरी शिकायचं होतं. पुढे एका भरतीत लेखी पास झालो. वडिलांनी पेढे वाटले. कागदपत्र तपासणीला बोलावलं तेव्हा टेबलावरच्या बाईंनी गुणपत्रिका दोनदा उलटसुलट केली आणि म्हणाल्या, जाहिरातीतल्या विषयांत हा विषय बसत नाही. मी म्हटलं, मॅडम, यात रसायन आहे, वनस्पती आहे, भूशास्त्र आहे. त्या म्हणाल्या, विषयाच्या नावाने छापलेलं दाखवा. माझ्याकडे नव्हतं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, नियम तसा होता. पण बसस्टँडवर बसून घरी फोन कसा करायचा हे मला अर्धा तास सुचलं नाही.

म्हणून जे आत्ता अकरावी-बारावीत आहेत, त्यांच्या आईवडिलांनी हा धागा वाचावा. पदवीला रसायन, वनस्पती, प्राणी, भूशास्त्र, भौतिक, गणित, संख्याशास्त्र यांपैकी एक मुख्य विषय ठेवा. पर्यावरण त्यावर एम.एस्सी.ला घ्या.

बोरीकाठ · मंगळवार, रात्री १०.१५

दादा, वाचून पोटात गोळा आला. लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

मनुदेवीची_वाट · बुधवार, पहाटे ५.४५

काका वर 'वनसेवेवाला सांगेल' म्हणाले, तो मी. यावल तालुक्यातला. नवती_बाग भाऊंचं दुखणं भारतीय वनसेवेतही तसंच आहे. तिची अट अशी: पदवीला पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पती, रसायन, भूशास्त्र, गणित, भौतिक, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी. ताई, तुमचं रसायन आहे, म्हणजे तुम्ही बसता.

पूर्व परीक्षा नागरी सेवेसोबतच होते. मुख्यला सामान्य इंग्रजी ३००, सामान्य ज्ञान ३००, आणि दोन वैकल्पिक विषयांचे मिळून चार पेपर प्रत्येकी २०० चे. लेखी १४००, मुलाखत ३००. विषयांच्या जोड्यांवर बंधनं आहेत: कृषी आणि वनशास्त्र एकत्र घेता येत नाहीत, रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी एकत्र नाही, गणित आणि संख्याशास्त्र एकत्र नाही. रसायन आणि वनशास्त्र चालतं. वनशास्त्रात आपल्या एम.एस्सी.चा बराच भाग येतो, मृदसंधारण, पाणलोट, जैवविविधता. माझं मत: तुमच्यासाठी हीच जोडी.

शेवटी चालायचंही असतं. पुरुषांना २५ किलोमीटर, महिलांना १४, चार तासांत. मी आठवड्यातून दोनदा मनुदेवीच्या रस्त्याला पहाटे निघतो. उन्हाळ्यात आपल्याकडे सात वाजताच ऊन चावतं, म्हणून चारला उठतो.

राज्याची वनसेवा वेगळी, ती एमपीएससी घेते. तिच्या मुख्य परीक्षेत 'सामान्य विज्ञान व निसर्ग संवर्धन' असा स्वतंत्र पेपर असतो. तिच्या अर्हतेची यादी केंद्राच्या यादीशी शब्दाला शब्द जुळत नाही, दोन्ही वेगवेगळ्या वाचा.

अहिराणी_बोल · बुधवार, सकाळी ८.१०

बहीण, घाबरू नको. बठ्ठं एकच दिनमा व्हत नही. मी बी हाईच करी ऱ्हायनू.

सूर्यकन्या · बुधवार, सकाळी ११.३०

एक राहिलंच. ज्यांना संशोधन किंवा प्राध्यापकी हवी त्यांच्यासाठी नेटमध्ये पर्यावरणशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे (क्रमांक ८९), आणि गेटमध्ये २०२१ पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा पेपर आहे. भूशास्त्रवाल्यांना यूपीएससीची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा, त्यातून केंद्रीय भूजल मंडळातली पदं भरतात. त्याचं जास्त मला सांगता येणार नाही, कुणी दिली असेल तर लिहा.

जुनी_प्रयोगशाळा · बुधवार, सायंकाळी ६.००

आता विषयांची नावं पुष्कळ झाली. मला जे सांगायचंय ते नावांपलीकडचं आहे. क्षेत्र अधिकारी व्हा, वनक्षेत्रपाल व्हा, तहसीलदार व्हा, टेबलावर येतो तो एक तक्ता आणि त्यावर लिहायची असते एक टिप्पणी. तक्ता वाचता येणं आणि टिप्पणी लिहिता येणं, हे दोन विषय कुठल्याच अभ्यासक्रमात ठळक छापलेले नसतात, पण वर्णनात्मक पेपरात गुण याच दोन गोष्टींना मिळतात. म्हणून एक सराव देतो. गाव काल्पनिक, आकडे मी बसवलेले.

चार विहिरींचं पाणी ऑक्टोबरात एकदा तपासलं. नायट्रेट, मिलिग्रॅम प्रति लिटर: पहिली ३८, दुसरी ५२, तिसरी ६१, चौथी ४४. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५. दुसरी आणि तिसरी विहीर केळीच्या बागांना लागून. त्याच बाजूला वस्ती, शोषखड्डे आणि गोठे. नळाला पहिल्या आणि तिसऱ्या विहिरीचं पाणी एकत्र करून सोडतात.

यावरून काय म्हणता येतं? (अ) गावाचं पाणी पिण्यास अयोग्य आहे. (आ) रासायनिक खतांमुळे नायट्रेट वाढलं. (इ) तपासणीच्या वेळी चारपैकी दोन विहिरी मर्यादेबाहेर होत्या. (ई) उन्हाळ्यात प्रमाण आणखी वाढेल. शिवाय गटविकास अधिकाऱ्यांना छोटी टिप्पणी लिहा.

केळीचा_घड · बुधवार, सायंकाळी ६.४०

सरासरी ४८.७५ येते, म्हणजे मर्यादेबाहेर. (अ) आणि (इ).

नवती_बाग · बुधवार, रात्री ८.२०

(आ) पण बरोबर वाटतं. आमच्याकडे बागेला युरिया किती जातो मला माहीत आहे, पिलबागेला (जुन्या खोडाच्या पिल्लांवर धरलेल्या बागेला) तर विचारूच नका.

बोरीकाठ · बुधवार, रात्री ११.१०

मी फक्त (इ) म्हणेन. सरासरी काढून उपयोग नाही, कारण कुणीही चार विहिरींचं सरासरी पाणी पीत नाही. (आ) साठी पुरावा अपुरा, शोषखड्ड्यांतूनही नायट्रेट येतं. (ई) एका तपासणीवरून ऋतूचं काही सांगता येत नाही.

टिप्पणी: "पाणी हे जीवन आहे. आजच्या काळात वाढत्या प्रदूषणामुळे भूजलाची गुणवत्ता ढासळत चालली असून ही अत्यंत चिंतेची बाब आहे. सदर गावातील विहिरींमध्ये नायट्रेटचे प्रमाण जास्त आढळून आले आहे. नायट्रेटमुळे लहान बालकांना त्रास होतो. तरी ग्रामस्थांनी पाणी उकळून व गाळून प्यावे, तसेच जनजागृती करण्यात यावी."

जुनी_प्रयोगशाळा · गुरुवार, सकाळी ६.३०

ताई, पहिला भाग उत्तम. सरासरीचं वाक्य तर मला फार आवडलं, तसंच्या तसं पेपरात लिहा. केळीचा_घड, नवती_बाग, तुमची चूक नेहमीची आहे: जे आपल्याला आधीच माहीत आहे ते आपण तक्त्यात वाचतो. युरिया जात असेलही, तक्ता ते सांगत नाही.

टिप्पणीबद्दल मात्र स्पष्ट बोलतो, कारण तुम्ही पुढे जावं असं मनापासून वाटतं. पहिली दोन वाक्यं काढून टाका. गटविकास अधिकाऱ्याला पाणी जीवन आहे हे माहीत असतं. त्याला उद्या सकाळी काय करायचं हे हवं असतं. तुमच्या टिप्पणीत एकही आकडा नाही, कोणती विहीर तेही नाही. आणि एक धोक्याची चूक आहे: उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि प्रमाण उलट वाढतं. ही ओळ वाचून एखाद्या बाळाला वरच्या दुधात ते पाणी गेलं तर? टिप्पणीतला शब्द घरापर्यंत पोचतो, म्हणून इतकं बोललो.

पांझरेचा_पाट · गुरुवार, सकाळी १०.००

मिश्रणाकडे कुणी बघितलं नाही. दोन्ही विहिरी निम्म्या-निम्म्या घेतल्या तर ४९.५, मर्यादेबाहेर. पण तिसरीचा वाटा ३० टक्के आणि पहिलीचा ७० ठेवला तर १८.३ अधिक २६.६, म्हणजे ४४.९. काठावर का होईना, आत. व्हॉल्व्ह किती फिरवायचा हा निर्णय यातून निघतो.

जुनी_प्रयोगशाळा · गुरुवार, सकाळी १०.२५

शाबास. मी याचीच वाट बघत होतो.

बोरीकाठ · गुरुवार, रात्री ९.३०

दुसऱ्यांदा लिहिलं. दिवसभर हेच डोक्यात होतं.

"विषय: पिण्याच्या पाण्यातील नायट्रेट. ऑक्टोबरमध्ये तपासलेल्या चारपैकी दोन विहिरींत (क्र. २ मध्ये ५२ व क्र. ३ मध्ये ६१ मि.ग्रॅ./लि.) नायट्रेट ४५ या मर्यादेपेक्षा जास्त आढळले. क्र. ३ चे पाणी नळयोजनेत जाते. सबब, पुनर्तपासणीचा अहवाल येईपर्यंत नळाला क्र. १ चेच पाणी द्यावे. ते अपुरे पडल्यास क्र. ३ चा वाटा ३० टक्क्यांपेक्षा कमी ठेवून मिश्रणाचा नमुना तपासावा. सहा महिन्यांखालील बाळांसाठी क्र. २ व ३ चे पाणी वापरू नये आणि उकळल्याने नायट्रेट जात नाही, हे आशाताईंमार्फत घरोघर कळवावे. कारण निश्चित करण्यासाठी सांडपाण्याची खूण असलेल्या क्लोराइड व कोलिफॉर्म जिवाणूंसह चारही विहिरींचे नमुने पुन्हा घ्यावेत. आदेशार्थ सादर."

जुनी_प्रयोगशाळा · शुक्रवार, सकाळी ६.१५

ही सहीला जाऊ शकते. फक्त नुसतं 'ऑक्टोबर' नको, नमुना घेतल्याची तारीख आणि प्रयोगशाळा घाला. तारखेशिवाय आकडा पोरका असतो.

तोरणमाळ_पायथा · शुक्रवार, दुपारी २.१०

नंदुरबारहून. शिक्षक आहे, मुलांना तयारी करून घेतो. उशिरा आलो, सगळं वाचलं.

मुलाखतीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. खान्देशातून आलोय म्हटलं की समोरचे आपल्या मातीतलंच विचारतात, आणि आपली मुलं तिथेच अडतात. ॲमेझॉनचं सांगतात, तापीचं सांगता येत नाही. तापी मुलताईला उगम पावते, ७२४ किलोमीटर वाहते, खचदरीतून पश्चिमेला जाते. सातपुड्याच्या पायथ्याचा जाड गाळ-गोट्यांचा पट्टा पाणी जिरवतो, त्यावर यावल-रावेर-चोपड्याची केळी उभी राहिली, आणि उपसा इतका झाला की बोअर खोल खोल चालले. दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राची राख. भारतीय कोळशात राखेचं प्रमाण ३० ते ४५ टक्के, ती जाते कुठे? जळगाव शहर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे, २०१९ चा तो कार्यक्रम, का आहे? हवेतल्या धुलिकणांमुळे. पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे बारीक धुलिकण) ची चोवीस तासांची मर्यादा १००, वार्षिक ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. मग तुमच्या चौकात धूळ कशाची, रस्त्याची, बांधकामाची की कचरा जाळल्याची, यावर तुम्ही काय कराल?

आमच्या जिल्ह्याचं तर विचारतातच. आकांक्षित जिल्हा, पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा), वनहक्क कायदा २००६, अक्कलकुवा-अक्राणीतली सरदार सरोवराने उठवलेली गावं. इथे आराखडा नकाशावर होत नाही, ग्रामसभेत होतो, हे समजून बोला. आणि बारीपाड्याचं उदाहरण सांगा. साक्री तालुक्यातल्या त्या पाड्याने स्वतः नियम करून उजाड झालेलं जंगल परत उभं केलं. चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. पण नुसतं नाव घेऊ नका, एकदा जाऊन या. जो जाऊन आलाय त्याचं बोलणं लगेच ओळखू येतं.

वाचायला काय, हे मुलं नेहमी विचारतात. महागडे क्लासचे गठ्ठे नंतर. हरित लवादाच्या आदेशानंतर जिल्हा पर्यावरण आराखडे तयार झाले, आपल्या जिल्ह्याचा मिळवा. महापालिका दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढते, तो मागा. आणि एखाद्या प्रकल्पाची पर्यावरण जनसुनावणी जवळपास असेल तर मागच्या खुर्चीवर जाऊन बसा. २००६ च्या आघात मूल्यमापन अधिसूचनेप्रमाणे तिची सूचना किमान ३० दिवस आधी निघते आणि प्रकल्पाचा सारांश मराठीत मिळतो. आघात मूल्यमापनावरचं प्रकरण दहा वेळा वाचून जे कळत नाही ते तिथे एका दुपारी कळतं, शेतकरी उठून विचारतो तेव्हा.

मनुदेवीची_वाट · शुक्रवार, दुपारी ३.००

सर, बारीपाड्याला जायचं ठरवू या का? पुढच्या रविवारी. मी, आणि अजून कोण?

पांझरेचा_पाट · शुक्रवार, दुपारी ३.२०

मी. धुळ्याहून गाडीची सोय बघतो.

बोरीकाठ · शुक्रवार, रात्री १०.००

मी पण. अमळनेरहून धुळ्याला सकाळच्या बसने येईन.

माझं ठरलं ते सांगते. भारतीय वनसेवेला रसायन आणि वनशास्त्र ही जोडी घेणार, प्रदूषण मंडळाची आणि भूजल यंत्रणेची जाहिरात येईल ती भरणार, राज्यसेवा सोबत चालू. रोज एक तक्ता आणि एक टिप्पणी. काल मामांना पुन्हा फोन केला आणि ऑफिसांची नावं एकेक करून सांगितली. ते म्हणाले, "अगं, मग आपल्या बोरी नदीचं पाणी कोण तपासतं?" मी म्हटलं, शोधून सांगते.

काका, पुढचा तक्ता कधी?

जुनी_प्रयोगशाळा · शनिवार, सकाळी ६.०५

उद्या टाकतो. हतनूर धरणाचा घेऊ या, ४१ दरवाजे आणि साचलेला गाळ. गणकयंत्र जवळ ठेवा. आणि बोरीचं कळलं की इथेच लिहा, मलाही वाचायचंय.